शालूचा पेला

वैशाखातल्या पांढऱ्याफटक उन्हात शालू दात आवळून बसायची, आणि दुधाचा पितळी पेला तिच्या ओठांशी नेला की दातांवर त्याचा बारीक, हट्टी आवाज व्हायचा. माझ्या धाकट्या बहिणीचा तेवढाच आवाज आज माझ्याजवळ शिल्लक आहे. ती चार वर्षांची होती. जुलाब लागून तिला तीन आठवडे झाले होते.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. बाबा नाशकात कारकून. इगतपुरीकडच्या एका गावकुसाबाहेर कण्यांच्या पेजेवर वाढलेले. लहानपणी दूध त्यांनी फक्त दुसऱ्याच्या दारात पाहिलेलं, म्हणून आमच्या घरी आजारावर, परीक्षेवर, रडण्यावर एकच उतारा असे. सायकलला किटली अडकवून ते पंचवटीतल्या गोठ्यावरून म्हशीचं दाट दूध आणत, आणि पेजेचं नाव घरात काढायचीही चोरी होती. शालू जसजशी वाळत गेली, तसतसा पेला मोठा होत गेला.

"ताई, पोटात दुखतं," ती म्हणायची. मी तिचं नाक दाबायची आणि तोंड उघडलं की ओतायची. शाबासकी मला मिळे. खरं सांगते, तिच्या किरकिरीचा मला राग येई, म्हणून मी गरजेपेक्षा जोरातच दाबायची. बुद्धपौर्णिमेला वंदना झाल्यावर तर मी तिला दोन वाट्या खीर भरवली, सगळ्यांच्या देखत.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती घडी तशीच उभी राहिली. जुलाबांनी आतड्याचं अस्तर सोलवटतं, बाई शांतपणे सांगत होत्या, आणि दूध पचवणारं विकर त्या अस्तराच्या अगदी वरच्या थरात असतं, म्हणून आधी तेच जातं. मग न पचलेलं दूध आतल्या आत आंबतं, अंगातलं पाणी ओढून घेतं आणि सोललेली भिंत भरून येऊ देत नाही.

"मग द्यायचं काय होतं, बाई?" बाबांनी विचारलं.

"भाताची पेज, मीठ घालून. त्यावर उठून बसली असती."

दोन दिवसांनी शालू गेली. मला कुणी दोष दिला नाही, त्यामुळे माफही कुणी केलं नाही. तिचं वय चारावरच थांबलं. काळानं वाढवलं ते तिचं नसणं, आणि आता ते आमच्या घरातल्या सगळ्यांहून धडधाकट आहे.