टॉर्गरसन रोड, घर नंबर एक

व्हर्ना लाड्युसर चौऱ्याहत्तर वर्षांची झाली तरी तिला कुणी पत्ता विचारला नव्हता. लोक घर कुठे आहे ते विचारायचे आणि ती सांगायची : पाण्याची टाकी गेली की डावीकडे वळा, निळी व्हॅन दिसेपर्यंत या, तिथून उजवीकडे. निळी व्हॅन १९९१ साली बंद पडली ती तिथेच आहे. आता तिच्यात मांजरं राहतात. व्हॅननंतर कुत्रं भुंकलं म्हणजे घर आलं. नाही भुंकलं तरी घर आलंच, कुत्रं झोपलंय.

एवढ्यावर ती सगळ्यांना सापडत असे. अँब्युलन्सला सापडली होती. दारोदार देव वाटत फिरणाऱ्या टाय घातलेल्या पोरांना वर्षातून दोनदा सापडायची. आणि १९६८ साली लष्कराला तिचा नवरा अँब्रोज पहिल्या फटक्यात सापडला होता, व्हिएतनामला न्यायला. तेव्हा तर निळी व्हॅनही नव्हती.

त्या ऑक्टोबरात मात्र ती सरकारला सापडेनाशी झाली. राज्याने नवा कायदा केला की मत द्यायचं तर ओळखपत्रावर घराचा नंबर आणि रस्त्याचं नाव पाहिजे. कायदा सगळ्यांना सारखा होता. फक्त ज्यांच्या रस्त्यांना नाव नाही आणि घरांना नंबर नाही अशी माणसं बहुतेक सगळी रिझर्व्हेशनवर, म्हणजे व्हर्नाच्या मूळनिवासी जमातीला उरलेल्या जमिनीच्या तुकड्यावर, राहत होती. हा निव्वळ योगायोग आहे असं कायदा करणाऱ्याने टीव्हीवर सांगितलं, आणि चेहऱ्यावरची रेष न हलवता सांगितलं. व्हर्नाला त्याचं कौतुक वाटलं. तिच्या घराण्यात सगळे थट्टेखोर, पण एवढा मोठा विनोद न हसता करणं कुणाला जमलं नव्हतं.

"ताई, जाऊ दे की या वेळी," तिचा धाकटा भाऊ लाइल म्हणाला. लाइल सहासष्ट वर्षांचा होता आणि तिच्या घरापलीकडे फिरत्या घरात राहायचा. ते घर चाळीस वर्षांत एकदाही फिरलं नव्हतं.

"फ्रिजकडे बघ," व्हर्ना म्हणाली.

फ्रिजच्या दारावर 'मी मत दिलं' असे सतरा स्टिकर ओळीने चिकटवलेले होते. अठराव्याची जागा तिने ओल्या फडक्याने आधीच पुसून ठेवली होती. तिची आई जन्मली तेव्हा या देशाची नागरिक नव्हती. आई होती तिथेच होती, आजी-पणजीसकट; देश मागाहून आला आणि येताना तिचे कागद विसरला. पुढे मत मिळालं तेव्हा आई मण्यांचे लाल डूल घालून, केस कुरळे करून मत द्यायला गेली होती. तेच डूल घालून व्हर्ना आजवर जात आली होती. शिवाय या वेळी तिला खास एका माणसाच्या विरोधात मत द्यायचं होतं : काउंटी बोर्डाचा, म्हणजे जिल्हा मंडळाचा, अध्यक्ष ग्लेन टॉर्गरसन.

टॉर्गरसनच्या बोर्डाची बर्फ काढणारी गाडी पाण्याच्या टाकीपर्यंत यायची आणि तिथून माघारी फिरायची. पुढचा रस्ता नकाशात नाही, असं त्याचं म्हणणं. मागच्या जानेवारीत व्हर्ना अकरा दिवस घरात अडकली. शेवटी लाइलने तिला मासेमारीच्या घसरगाडीवर बसवून, ब्लँकेटात बांधून डोळ्याच्या डॉक्टरकडे ओढत नेलं. डॉक्टरने विचारलं, "लांबचं दिसतं का?" ती म्हणाली, "टाकीपाशी माघारी फिरणारी गाडी स्पष्ट दिसते."

काउंटीच्या कचेरीत मार्लिस नावाची बाई बसायची. अतिशय गोड. तिच्या टेबलावर काचेच्या वाडग्यात बटरस्कॉचच्या गोळ्या असत आणि ती प्रत्येक नकाराबरोबर एक गोळी द्यायची.

"पोस्ट बॉक्स दोनशे चौदा," मार्लिसने व्हर्नाचं कार्ड वाचलं. "अहो लाड्युसरबाई, पोस्टाच्या खोक्यात कुणी राहतं का?"

"ज्युरीत बसायचं बोलावणं तुम्ही त्याच खोक्यात पाठवलंत. तेव्हा नाही वाटलं, म्हातारी आत गुदमरेल?"

"घ्या ना, गोळी घ्या."

मार्लिसने तिला आणि सोबत आलेल्या लाइलला तळघरात पाठवलं, अँब्युलन्स-बंबांना पत्ते पुरवणाऱ्या कचेरीत. तिथल्या माणसाने उपग्रहावरून घर शोधलं आणि तो बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला. "संगणकाच्या मते तुमचं घर तळ्याच्या मधोमध आहे."

"तिथं मी असतो," लाइल म्हणाला. "डिसेंबर ते मार्च, बर्फाला भोक पाडून मासे धरत. तो नंबर मला देऊन टाका."

पुन्हा वर. तळ्यातला पत्ता चालणार नाही, मार्लिसने हसून सांगितलं. घर नाव असलेल्या रस्त्यावरच पाहिजे.

"मग द्या नाव रस्त्याला."

"ते बोर्डाच्या बैठकीत ठरतं."

"बैठक कधी?"

"निवडणूक झाली की लगेच."

"आणि बोर्डाचा अध्यक्ष?"

"मिस्टर टॉर्गरसन. गोळी?"

घरी येईपर्यंत व्हर्नाच्या पर्समध्ये अकरा गोळ्या जमल्या होत्या.

मग जमातीच्या कौन्सिलने ठरवलं की जमीन आपली, रस्ते आपले, तर नावंही आपणच देऊ. कौन्सिलच्या कचेरीत कार्ड छापायचं यंत्र रात्रंदिवस चालू होतं, आणि तापलं की त्याच्यावर बर्फाची पिशवी ठेवत. ज्याने त्याने आपल्या रस्त्याचं नाव लिहून आणायचं होतं. लोकांना इतक्या वर्षांची हौस होती. तीन रस्त्यांना आपापल्या आज्यांची नावं मिळाली, एकाला कुत्र्याचं मिळालं, आणि दोन चुलतभावांच्यात नावावरून मारामारी होऊन त्या रस्त्याचं नाव 'शांतता मार्ग' पडलं.

"आपल्या रस्त्याला अँब्रोजभाऊजींचं दे," लाइल म्हणाला. "नाहीतर निळी व्हॅन मार्ग."

व्हर्नाने अर्जावर लिहिलं : ग्लेन टॉर्गरसन रोड, घर नंबर एक.

लाइलने अर्ज दोनदा वाचला. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा. "ताई, डोळ्यांचं ऑपरेशन झालं ना तुझं? का डोक्याचं केलं त्यांनी?"

"मार्लिस कुठल्याही नावाला नाही म्हणेल. आजीला नाही म्हणेल, कुत्र्यालाही नाही म्हणेल. साहेबाच्या नावाचा रस्ता अस्तित्वात नाही, हे मात्र तिने मला तोंडावर म्हणून दाखवावं."

लाइलने 'घर नंबर एक'वर बोट ठेवलं. मग म्हणाला, "आणि मी नंबर दोन का?" त्यावरून तो दोन दिवस जेवायला आला नाही. तिसऱ्या दिवशी मीटबॉलच्या सुपाचा वास आला तसा आला, आणि येताना मासेमारीच्या झोपडीचं दार घेऊन आला. दारावर त्याने पांढऱ्या रंगात मोठ्ठ्या अक्षरांत रस्त्याचं नाव रंगवलं होतं. कडी तशीच होती. पाटी निळ्या व्हॅनपाशी उभी राहिली, आणि मांजरं बाहेर येऊन बघून गेली.

ही बातमी मार्लिसमार्फत टॉर्गरसनपर्यंत पोचायला एक दिवस लागला. आपल्या नावाचा रस्ता, आणि तोही रिझर्व्हेशनवर! ही माणसं आपल्यावर इतकं प्रेम करत असतील याची त्याला कल्पना नव्हती. प्रेम करण्यासारखं आपण काय केलं तेही त्याला आठवेना, पण हे त्याने स्वतःच्या विनम्र स्वभावावर ढकललं.

मतदानाच्या दिवशी सकाळी डाकोटातल्या नोव्हेंबरला साजेसा दोन फूट बर्फ पडलेला होता. व्हर्ना लाल डूल घालून, कुरळे केस करून लाइलच्या ट्रकमध्ये बसली. मतदान केंद्र बावीस मैलांवर होतं. जवळचं होतं ते लोकांच्या सोयीसाठी बंद केलं होतं. ट्रक निळ्या व्हॅनपर्यंत आला आणि थांबला. रस्त्यात आडवी एक नवीकोरी पिकअप गाडी रुतली होती. बाजूला गुडघाभर बर्फात ग्लेन टॉर्गरसन उभा होता, हातात फोन धरून. पाटीसकट स्वतःचा फोटो काढता काढता चाकं खड्ड्यात गेली होती.

"हा काय रस्ता आहे?" तो ओरडला.

"तुमचा," लाइल म्हणाला.

दीड तास गेला. साखळी बांधून लाइलच्या ट्रकने पिकअप ओढून काढली, आणि तेवढं केल्यावर ट्रकमधून जळका वास आला, धूर आला आणि ट्रक गप्प झाला. लाइलने टोपी काढली, जशी मयताला काढतात.

"तुझं मत रे?" व्हर्नाने विचारलं.

"मी सोमवारीच कचेरीत आगाऊ मत देऊन आलो, मार्लिस जेवायला गेली होती तेव्हा. घर नंबर दोनची माणसं वेळेत कामं करतात."

व्हर्नाने पिकअपचं दार उघडलं, आत चढली आणि पट्टा लावला. 

"चला," ती म्हणाली. "तुमच्याच रस्त्यावरची मतदार आहे मी."

बावीस मैल टॉर्गरसन बोलत होता. शेतीबद्दल, भक्तीबद्दल, हल्लीच्या पोरांबद्दल. व्हर्ना त्याला एकेक बटरस्कॉचची गोळी देत होती. चौथ्या गोळीला तो म्हणाला, "अगदी अशाच आमच्या मार्लिसकडे असतात."

केंद्रावर टेबलामागे मार्लिसच होती. तिने नवं कार्ड पाहिलं, यादी पाहिली, आणि तिच्या चेहऱ्यावर ते हसू आलं.

"लाड्युसरबाई, वाईट वाटतं हो. कार्ड छान आहे. पण हा रस्ता आमच्या यादीत नाही. म्हणजे असा रस्ता नाहीच."

"नाहीच?" मागून आवाज आला.

"मिस्टर टॉर्गरसन! अहो, उमेदवाराला इथे थांबता येत नाही."

"मी उमेदवार म्हणून नाही आलो, रस्ता म्हणून आलोय! रस्ता नाही म्हणजे काय? माझ्या पायाची बोटं बधिर झालीत त्या रस्त्यावर! त्याच्यावर खड्डा आहे, मार्लिस! पाटी आहे! पाटीला कडी आहे!"

रांगेतल्या चाळीस माणसांनी हे ऐकलं. त्यातली तीस तरी रिझर्व्हेशनवरून आली होती, खिशात ताजी, अजून कोमट कार्डं घेऊन. "अध्यक्ष म्हणतात रस्ता आहे," पुढची बाई मागच्याला म्हणाली. मागच्याने शांतता मार्गवाल्याला सांगितलं. मार्लिसने वाडग्याकडे हात नेला. वाडगा रिकामा होता.

तिने व्हर्नाला मतपत्रिका दिली. मग पुढच्या बाईला दिली. आजीच्या रस्त्यालाही दिली आणि कुत्र्याच्या रस्त्यालाही.

परतताना व्हर्नाच्या कोटावर अठरावा स्टिकर होता. टॉर्गरसन न राहवून म्हणाला, "आता खरं सांगा हं. मत मलाच दिलंत ना?"

"रस्ता तुमच्या नावाचा आहे, मिस्टर टॉर्गरसन. मत माझ्या नावाचं होतं."

तो विचार करायला लागला. इतका की निळी व्हॅन आली, पाटी आली, आणि पिकअप त्याच खड्ड्यात त्याच चाकावर बसली. लाइलचा ट्रक मेलेला होता. कुत्रं झोपलेलं होतं. व्हर्ना स्टिकर चुरगळू नये म्हणून कोट सावरून बसली.

टॉर्गरसनने आपल्याच काउंटीच्या बर्फखात्याला फोन लावला. पलीकडच्या माणसाने पत्ता विचारला.

"ग्लेन टॉर्गरसन रोड."

"ओळखतो साहेब तुम्हाला. पण रस्ता कुठला?"

"तोच रस्ता!"

"असा रस्ता यादीत नाही, साहेब. पत्ता नसेल तर गाडी पाठवता येत नाही. तुमचाच नियम आहे."

टॉर्गरसनने फोन कानापासून लांब धरला, व्हर्नाकडे पाहिलं. ती समोर बघत होती, चेहऱ्यावरची रेष न हलवता. त्याने फोन पुन्हा कानाला लावला.

"लिहून घे," तो म्हणाला. "पाण्याची टाकी गेली की डावीकडे वळ. निळी व्हॅन दिसेपर्यंत ये."

"आणि मांजरांना जपून म्हणावं," व्हर्ना म्हणाली.