मोलकरणीची साक्ष

चित्रपट लागायला अजून आठवडा होता आणि ओझेला प्रुइटचा पाय घरात ठरत नव्हता. घासलेली भांडी ती पुन्हा घासायची, खिडकीशी जायची, परत यायची.

"अगं, बस की जरा," तिचा नवरा लूशस म्हणायचा. "तुझ्याकडे बघून मलाच दम लागतो."

लॉस एंजेलिसच्या सेंट्रल अव्हेन्यूवर, काळ्या लोकांच्या वस्तीत, तिला सगळे ओळखत. कित्येक वर्षं ती हॉलिवूडच्या रहस्यपटांत मोलकरीण होत आली होती. प्रेत दिसलं की किंचाळायचं, डोळे गरगरा फिरवायचे, हातातला ट्रे पाडायचा. लोक हसले की तिचं काम संपलं. या खेपेला मात्र तिला अख्खा एक प्रसंग मिळाला होता. जिने मालकिणीला लहानाचं मोठं केलं, ती मोलकरीण गुप्तहेराला सांगते, की तिचा खून करणाऱ्याला मी पाहिलंय.

"अडखळत बोल. कापत कापत. गंमत आली पाहिजे," दिग्दर्शकाने बजावलं होतं.

तिने तसं केलं. मग म्हणाली, "साहेब, एकदा माझ्या पद्धतीने करू?"

जेवणाची वेळ टळली होती, सगळे कावले होते. "कर बाई, पण आटप."

ओझेला सरळ उभी राहिली आणि खालच्या आवाजात बोलली. "त्या पोरीची वेणी मी घालत होते, साहेब. तिला मारणाऱ्याचा चेहरा मी विसरेन होय?"

गुप्तहेर झालेला गोरा नट सिगारेट पेटवायची विसरला. दिग्दर्शकाने मान हलवली. "हेच ठेवू."

दिग्दर्शकाच्या त्या दोन शब्दांवर ती तेव्हापासून जगत होती. आणि त्यांच्यावर तिचा पुरता विश्वासही बसत नव्हता.

शनिवारी दुपारी वस्तीतल्या थिएटरात ती लूशसशेजारी बसली. पलीकडे केशभूषेचं दुकान चालवणारी मिसेस टिब्ज होती. प्रसंग आला. पडद्यावर ओझेला सरळ उभी होती, ओठ हळू हलत होते, आणि त्या ओठांतून भलताच आवाज येत होता. किनरा, चिरका, "स-स-साहेब" करत अडखळणारा. कुण्या दुसऱ्याच बाईकडून स्टुडिओने तो मागाहून चढवला होता. मागच्या रांगेत कुणीतरी खिदळलं.

ओझेला उठली. लोकांचे गुडघे ओलांडत ती बाहेर आली. लूशस मागून धावला, त्याच्या मागे धापा टाकत मिसेस टिब्ज.

"काय गं हे? घसा बसला होता का तुझा?" मिसेस टिब्जने विचारलं.

"तो माझा आवाज नाही."

"ते कळतंय मला, बहिरी नाही मी! पण तू काय म्हणाली होतीस?"

ओझेलाने इकडेतिकडे पाहिलं. मग तिथेच, पॉपकॉर्नच्या टपरीसमोर, तिने ते वाक्य म्हटलं. टपरीवाल्या मुलीचा हात थबकला. तिकिटाच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने टोपी काढली.

"असं होय," मिसेस टिब्ज म्हणाली.

पंधरवड्याने स्टुडिओतून फोन आला. पुन्हा खून, पुन्हा मोलकरीण. ओझेलाने विचारलं, "बोलणार कोण, मी की ती दुसरी बाई?" पलीकडचा माणूस हसला. म्हणाला, "अगं, काम आहे, पगार आहे, तुला आवाजाचं काय करायचंय?" तिने नको म्हणून फोन ठेवला.

नाही म्हटल्यावर जिवाला बरं वाटेल असं तिला वाटलं होतं. तसलं काही झालं नाही. ती खोलीत येरझारा घालत राहिली.

"परत फोन कर, मन होत असेल तर," लूशस म्हणाला.

"नाही होत."

"मग बस तरी."

"कुठे बसू?" ती म्हणाली, आणि कोट चढवून बाहेर चालू लागली. कुठे जायचं ते तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.