मागे बसलेली लेइदिस

गावाहून नीन्या तुलियाचा निरोप आला तेव्हा निदिया दोरिया बोगोतातल्या एका हॉटेलात आरशासमोर बसली होती आणि एक मुलगी तिच्या गालावर पावडर थापत होती. नीन्या तुलियाला लिहायचा कंटाळा, म्हणून ती फोनमध्ये बोलूनच निरोप पाठवायची.

"पोरी, दफनभूमीचा कागद आला. लेइदिसची मुदत संपली. सोमवारी सकाळी हाडं काढायचीत. तुझा पाय तिच्यापाशीच आहे, तेव्हा तू यायला हवंस. आणि माझं एक काम आहे तुझ्याकडे. ते असं फोनवर सांगण्यासारखं नाही."

मागे कढईत तेल तडतडत होतं. निदियाने निरोप दोनदा ऐकला आणि पावडरवाल्या मुलीला म्हणाली, "बास झालं."

त्यांच्या गावात, लोरिकात, मेलेल्या माणसाला विटांच्या कोनाड्यात कायमची जागा नसते. काही वर्षं झाली की विटा फोडायच्या, हाडं काढून स्वच्छ करायची, हातभर पेटीत भरून चर्चच्या भिंतीत ठेवायची आणि कोनाडा पुढच्याला मोकळा करायचा. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. फक्त लेइदिसच्या कोनाड्यात तिच्या दोन पायांखेरीज आणखी एक पाय होता. तो निदियाचा.

सहा वर्षांपूर्वी, अपघाताच्या दिवशी, दवाखान्याने तो पाय खोक्यात घालून निदियाच्या आईच्या हातात दिला होता. ती बिचारी नदीपलीकडून आलेली, तिच्या घरचं या गावात कुणी पुरलेलं नव्हतं. खोकं घेऊन ती ओसरीत नुसती उभी राहिली. पलीकडच्या खोलीत नीन्या तुलियाची एकुलती एक लेक लेइदिस चादरीखाली होती. तशा स्थितीत ती बाई उठून आली आणि म्हणाली, "द्या इकडे. माझ्या पोरीपाशी ठेवू. दोघी कधी एकट्या कुठे गेल्यात?" गाव हे अजून सांगतं आणि सांगताना रडतं.

हे सगळ्यांना माहीत होतं. गाडी कोण चालवत होतं, हे मात्र फक्त निदियाला माहीत होतं.

मोटरसायकल लेइदिसची. दुपारचे चार वाजलेले, दोघी बैलांच्या जत्रेला निघालेल्या. लेइदिस जपून चालवायची आणि निदियाला धीर म्हणून नव्हता. अर्ध्या वाटेत ती म्हणाली, "दे इकडे. तुझ्या हातात राहिली तर आपण पोचेपर्यंत बँडवाले घरी जाऊन जेवतील." लेइदिस हसली, मागे सरकली, दोन्ही हातांनी तिच्या कमरेला मिठी घातली आणि हनुवटी तिच्या खांद्यावर टेकवली. पुलाच्या वळणावर पुढे बैलांचा ट्रक होता. निदियाला त्याच्या पुढे जायचं होतं.

शुद्धीवर आली तेव्हा उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता. लेइदिस गेल्याचं तिला सांगण्यात आलं. मग पोलीस आला. त्याने वही उघडून विचारलं, "गाडी कोण चालवत होतं?"

निदिया एकोणीस वर्षांची होती आणि भ्यायली होती. "लेइदिस," ती म्हणाली. पोलिसाने लिहून घेतलं आणि पाणी हवंय का विचारलं.

त्या एका शब्दावर पुढचा सगळा डोलारा उभा राहिला. निदिया गुडघ्याखाली पायाच्या जागी वाकडं कृत्रिम पातं बांधून धावायला लागली, मग लांब उडी मारायला लागली. धावायला लागलं की कमरेभोवती दोन हात आवळले जायचे. ते सोडवण्यासाठी ती जिवाच्या आकांताने पळायची आणि वाळूत जाऊन पडायची. प्रशिक्षक टेप धरून नाचायचा. "पोरी, तुझ्या मागे काय वाघ लागतो का ग?" तो विचारायचा. ती हसून वाळू झटकायची. पदकं आली. पदकांमागून मेदेयीनचे पोहण्याचे कपडे शिवणारे आले, त्यांना ते पातं आणि तो बांधा भिंतीएवढ्या चित्रात हवा होता. शिंपीणबाई कमरेला टेप लावायची आणि वैतागायची, "श्वास सोड की बाई, कुणी धरलंय का तुला?"

मग मालिका मिळाली. पाय गेलेल्या मुलीचंच काम, आणि ती मुलगी शेवटच्या भागात गाडी चालवणाऱ्याला माफ करते. ते पाहून देश रडला. तेव्हापासून निदियाला भाषणांची बोलावणी येऊ लागली. मोठमोठ्या कंपन्या, कॉलेजं, एकदा पनामा, दोनदा लिमा. पाऊण तास बोलायचं आणि शेवटी क्षणभर थांबून म्हणायचं, "माझी मैत्रीण गाडी चालवत होती. मी तिला माफ केलं." सभागृह उठून उभं राहायचं, टाय बांधलेले पुरुष चष्मे पुसायचे. जिने माफी मागायची ती बाई माफी वाटत हिंडत होती आणि लोक तिकीट काढून ऐकत होते! आणि दर वेळी, त्याच वाक्याला, मागून मिठी आवळली जायची. गेलेला पाय दुखतो असं तिने डॉक्टरांना सांगितलं होतं, त्यावर गोळ्याही होत्या. हातांबद्दल ती बोलली नाही. बोलली असती तर पहिला प्रश्न आला असता की मागे कोण बसलं होतं.

सोमवारी सकाळी आठला ती दफनभूमीच्या फाटकाशी उतरली. शेजारपाजारच्या दहाएक बायका कॉफीचा थर्मास घेऊन भिंतीच्या सावलीत उभ्या होत्या. हाडं काढताना आत फक्त घरच्यांनी जायचं असतं. नीन्या तुलिया त्यांच्यापासून चार हात लांब, एकटीच उभी होती. हातात पिशवी, पिशवीत पांढरी चादर, रमची बाटली, ब्रश आणि पत्र्याच्या दोन पेट्या, एक मोठी, एक लहान. सहा वर्षांत ती निम्मी झाली होती.

"जेवतेस की नाही ग?" तिनेच उलट विचारलं. "टीव्हीत बरी दिसतेस. इथे बघते तर नुसत्या काड्या."

"जेवते, नीन्या तुलिया. तुमच्या युक्का कंदाच्या वड्यांसारखं काही मिळत नाही तिकडे."

"केलेत. डब्यात आहेत तुझ्यासाठी. आधी काम."

आत कबरखोद्या एव्हेलियो हातोडा घेऊन तयार होता. निदियाला पाहताच त्याने टोपी मागे सारली. "चॅम्पियन! त्या हरामखोराला माफ करायला नको होतंस तू मालिकेत. माझी बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. जसं काही मीच गाडी चालवत होतो."

"तू विटांचं बघ, एव्हेलियो," नीन्या तुलिया म्हणाली.

त्याने पहिला घाव घातला. नीन्या तुलियाने निदियाचा दंड धरून तिला बाजूला घेतलं. "काम असं आहे. ती माझ्या स्वप्नात येते. दारात उभी राहते. मी म्हणते, ये की आत, तर मान हलवते. मी प्रार्थना म्हणणाऱ्या ओबदुलियाला विचारलं. ती म्हणाली, हिच्या हातून जिचं वाटोळं झालं तिने हाडांसमोर उभं राहून तीनदा म्हणावं की माफ केलं. मग सुटेल."

निदिया फुटणाऱ्या विटांकडे पाहत राहिली.

"तू ते सगळीकडे म्हणतेस, मी ऐकलंय. पण लेइदिसला कुठे टीव्ही दिसतो, बाळे?" ती थांबली. "मी काही तिला नीट निरोप दिला नाही. घरात तिचा फोटो नाही लावला. दर सोमवारी इथे यायचे, मेणबत्ती लावायची ती तुझ्या पायासाठी. आणि तिला शिव्या घालायचे. म्हणायचे, स्वतः मेलीस ती मेलीस, दुसऱ्याच्या लेकीला लंगडी करून गेलीस. बाजारात बायका म्हणतात, हिच्या पोरीने लोरिकाच्या पोरीचा पाय खाल्ला. मी काय बोलणार? खाली मान घालून वडे तळते."

निदियाने मनाशी हिशेब केला. तीनदा तर म्हणायचं होतं. शेकडो वेळा म्हणून झालं होतं. म्हटलं की म्हातारीला झोप लागेल, लेइदिस स्वप्नातल्या दारातून आत येईल, आणि दोनच्या गाडीने आपण परत. कुणाचं काय बिघडणार होतं? ती म्हणाली, "म्हणेन."

विटा पडल्या. चुन्याचा आणि कोंदट वास आला. एव्हेलियोने आधी लहान मुलाची असते तेवढी शवपेटी काढली. त्यातून नडगीचं हाड आणि मूठभर लहान हाडं निघाली. निदियाने स्वतःचा पाय पाहिला. ओळखीचं काही वाटलं नाही. एव्हेलियोने तो लहान पेटीत भरला.

मग लेइदिस निघाली. नीन्या तुलियाने चादर पसरली, बाटलीतली रम ओतली आणि एकेक हाड ब्रशने घासून उन्हात मांडायला लागली. ती रडत नव्हती, घरकाम करावं तशी करत होती. पायांची झाली, कमरेचं झालं. मग तिने हातांची बोटं घेतली. ती बारीक हाडं ती एकेक करून अंगठ्याने पुसत होती.

"कसली नाजूक होती," ती म्हणाली. "शाळेत तुझ्या वेण्या हीच घालायची ना?"

"हो."

निदियाच्या बरगड्यांखाली मिठी आली. सकाळच्या उजेडात, दोन माणसांदेखत, इतकी घट्ट की तिला भिंतीला हात टेकावा लागला. आणि ते हात तर समोर चादरीवर वाळत होते.

"आता म्हण," नीन्या तुलिया म्हणाली. एव्हेलियोने टोपी काढली.

"लेइदिस," निदिया म्हणाली. "मी तुला..."

तिने ओठ ओले केले. व्यासपीठावर ती इथेच थांबायची आणि लोक श्वास रोखायचे.

"घाबरू नकोस, पोरी. म्हण."

"लेइदिस, मी..." ती तिथेच खाली बसली. पातं दगडावर खणकन वाजलं. "गाडी मी चालवत होते."

ब्रश चालूच होता. "काय?"

"ती मागे बसली होती. मला धरून. गाडी मी मागून घेतली तिच्याकडून. ट्रकच्या पुढे मी घातली. पोलिसाला मी खोटं सांगितलं, नीन्या तुलिया. तेव्हापासून सगळ्यांना खोटंच सांगतेय."

ब्रश थांबला. निदिया थपडेची वाट पाहत राहिली. थप्पड बसली असती तर तिला बरं वाटलं असतं. पण नीन्या तुलियाने तिच्याकडे पाहिलंच नाही. तिने हात पदराला पुसावेत तसे स्कर्टला पुसले, आणि चादरीच्या कडेला गुडघे टेकले.

"लेइदिस, मला माफ कर," ती म्हणाली. "मी तुझा फोटो लावला नाही, मला माफ कर. दर सोमवारी इथे येऊन तुला शिव्या घातल्या, तुझ्या आईला माफ कर, माझे बाई."

एव्हेलियो तोंड फिरवून विटा गोळा करायला लागला. नीन्या तुलियाने हाडं पेटीत भरली, पाय आधी, डोकं शेवटी, आणि झाकण लावलं. कुणाला हात लावू दिला नाही.

"आणि हा?" एव्हेलियोने लहान पेटीकडे बोट केलं.

"ज्याचा त्याला दे."

"नीन्या तुलिया, मी..."

"मला नको सांगूस." पहिल्यांदाच तिने निदियाच्या डोळ्यांत पाहिलं. "बाहेर बायका उभ्या आहेत. लोकांसमोर बोलायची तुला सवय आहे. जा, बोल."

पत्र्याची पेटी काखेत घेऊन निदिया फाटकाबाहेर आली. बायकांनी तिला पाहिलं, पेटी पाहिली, आणि दोघीतिघींनी लगेच डोळ्यांना रुमाल लावले. "माफ केलंस ना ग?" एकीने विचारलं. "देवमाणूस आहेस तू," दुसरी म्हणाली. थर्मासवालीने सगळ्यांना गप्प केलं. "थांबा ग, बोलू द्या तिला."

निदिया बोलली. पहिल्या वाक्याला थर्मासवालीच्या हातातला पेला वाटेतच थांबला. दुसऱ्या वाक्याला जवळची बाई एक पाऊल मागे सरकली. निदियाने ट्रकचं सांगितलं, पोलिसाचं सांगितलं, तेवढ्यात नीन्या तुलिया मोठी पेटी पोटाशी धरून फाटकातून बाहेर आली आणि चर्चच्या रस्त्याला लागली. कुणाशी बोलली नाही, कुणासाठी थांबली नाही. मान मात्र वर होती. बायकांनी तिला वाट करून दिली. मग थर्मासवाली पेला खाली ठेवून तिच्या मागे निघाली, मग दुसरी, मग सगळ्याच. लेइदिसला पोचवायला सहा वर्षांपूर्वी यातल्या कितीजणी गेल्या होत्या कोण जाणे.

फाटकाशी कुणी उरलं नाही. निदियाचं सांगून संपलं नव्हतं. ती पेटी धरून तिथेच उभी राहिली आणि उरलेलं सांगत राहिली.