बादलीभर ओट्स

मी एक जुना घोडा आहे. नेवाडाच्या माळावर माझ्याइतका वेगवान घोडा झाला नाही. मी सुटलो की माझी सावली दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचायची. हे तुम्हाला पटणार नाही, मित्रांनो, आणि पुढचं तर मुळीच नाही. तरी ऐका. या कुंपणात दुसरं काम तरी काय आहे?

माझा जन्म वरच्या डोंगरात, सरकारी माळावर झाला. दोन वर्षांचा असताना हेलिकॉप्टरने हाकत मला खाली आणलं. मानेवर थंडगार लोखंडाने खुणा उमटवल्या. तुमच्या मानेवरही त्याच आहेत. मग डेलमर नावाच्या माणसाने मला शिकवलं. धडा एवढाच, की त्याने दोर सोडला की मी समोरच्या बादलीकडे पळायचं. बादलीत ओट्स असायचे.

पुढे कळलं, की ती बादली कोंडवाड्याच्या अगदी आत ठेवलेली असते. दोन्ही बाजूंना तरटाच्या लांबच लांब भिंती. हेलिकॉप्टरने पिटाळलेला कळप तोंडाशी आला की मी त्याच्या पुढे धावायचं. घाबरलेला घोडा पुढच्या घोड्यामागे जातो. अकरा वर्षं मी हे केलं. डेलमर मान थोपटून म्हणायचा, "तुझ्यासारखा तूच, गड्या." मला सफरचंद मिळायचं. मागच्यांचं काय झालं, हे मी कधी वळून पाहिलं नाही.

शेवटच्या वर्षी वरचा झरा आटला. डेलमरची बहीण आयोनी फाटकाचा दोर धरून बसली होती.

"डेल, या रानघोड्यांना परत डोंगर दिसायचा नाही," ती म्हणाली.

"डोंगरात आहे काय? अर्धं गवत गाईंनी खाल्लं, अर्धं यांनी. वर राहिले तर आठवड्यात तडफडून मरतील."

"आणि खाली?"

"खाली पाणी आहे."

"तेवढंच आहे."

"मग तू पाड पाऊस. नवरा ऐकत नाही तुझं, ढग तरी ऐकतील."

ती हसली नाही. तेवढ्यात कळप आला. पुढे एक राखाडी घोडी, तिला बिलगून शिंगरू. बरगड्या दुरून मोजाव्यात. डेलमरने दोर सोडला.

आणि मित्रांनो, मी बादलीकडे गेलोच नाही. तरटावरून उडी मारली. सगळा कळप माझ्यामागे उडाला. मी त्यांना एका दरीत नेलं. तिथे गुडघाभर गवत आहे आणि झरा कधी आटत नाही. ते शिंगरू आता माझ्याहून उंच झालं असेल. म्हणून सांगतो, पुढे धावणाऱ्याने मागे कोण आहे हे पाहावं, त्यांना जपावं, आणि...

"खोटं."

पाण्याच्या टाकीपाशी गेल्या आठवड्यात दुसऱ्या कुंपणातून आणलेली एक राखाडी घोडी उभी होती. आल्यापासून ती एक शब्द बोलली नव्हती.

"तू सरळ बादलीत तोंड घातलंस," ती म्हणाली. "माझं शिंगरू फाटकात पडलं. सगळे त्याच्या अंगावरून गेले. मी तुला हाका मारत होते, आणि तू ओट्स चावत होतास."