माठाचा पास्ता

"अहो, गॅस बारीक करा आधी," दारात चपला काढता काढताच राजेश्वरी म्हणाली. "लिफ्टपर्यंत लसणाचा करपट वास येतोय."

दिलीपने गॅस बारीक केला आणि लाल माठाची चिरलेली अख्खी जुडी कढईत लोटली. कढईवर हा एवढा डोंगर उभा राहिला. त्या डोंगराला शोभेल इतकं मीठही त्याने वरून घातलं. आता सव्वीस वर्षं न्हावा शेव्याच्या कंटेनर यार्डात कागदपत्रं सांभाळलेल्या माणसाला कोण सांगणार, की पालेभाजी पाच मिनिटांत मूठभर होते? कुठल्या कंटेनरात काय भरलंय हे त्याला तोंडपाठ. घरातलं मीठ कुठे असतं, हे मात्र आज शोधावं लागलं.

यार्ड बंद पडून तीन महिने झाले होते. "एका ठिकाणी बोलणं झालंय, फोन येईल," असं तो रोज सांगायचा आणि ती रोज "बरं" म्हणायची. हॉस्पिटलातली ड्यूटी करून, सुजलेल्या पायांनी ओट्याशी उभी राहायची. आज त्याचीच त्याला लाज वाटली. पोळ्या काही सात जन्मांत जमल्या नसत्या, म्हणून लेक सई बंगळुरूला जाताना ठेवून गेलेलं पास्त्याचं पाकीट त्याने काढलं. नुसतं काय खायचं, म्हणून कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडे उरलेला माठ आणला. फोन येईपर्यंत चार दिवसांचा तर प्रश्न, असं मनाशी म्हणाला.

उकडलेला पास्ता भाजीत पडला आणि गुलाबी झाला.

"हा कसला रंग?" राजेश्वरीने ताटाकडे बघत विचारलं.

"माठाचा."

एरवी ती पोट धरून हसली असती. आज तेवढंही अंगात उरलं नव्हतं. तिने एक घास खाल्ला, थांबली, पाणी प्यायली.

"खारट झालंय का गं?"

"झालंय."

"मग टाकून दे. मी अंडी उकडतो."

"बसा हो तुमी. दही घालून खाते. आणि मीठ पाला बसल्यावर घालायचं, आधी नाही. उद्यापासून लक्षात ठेवा."

ती सहज बोलून गेली; मनात काही काळंबेरं नव्हतं. पण ते 'उद्यापासून' दिलीपला नेमकं लागलं. म्हणजे हिने कधीच ओळखलंय, की फोन काही येत नाही. रोजचं ते "बरं" नुसतं त्याचं मन राखायला होतं. पन्नाशी उलटलेल्या माणसाला गुलाबी पास्त्यापुढे बसून रडू यावं, याला काय म्हणावं? त्याने ते पाण्याबरोबर गिळलं.

"उरलंय ते डब्याला भरा," उठताना ती म्हणाली. "उद्या माझी सकाळची ड्यूटी आहे. दह्याबरोबर खपेल."

"तुझ्या डब्याचं झाकण कुठे लागतंय? परवा पिशवीत आमटी सांडली ना?"

त्याने वळून पाहिलं. ती सोफ्यावर बसल्या बसल्या झोपली होती.

दिलीपने फळीवरून स्वतःचा ऑफिसचा डबा काढला. फोन आला की लगेच लागेल, म्हणून तीन महिने घासूनपुसून वेगळा ठेवलेला. झाकणावर त्याचं नाव कोरलेलं होतं. त्याने पास्ता भरला, वरच्या खणात दही घातलं, क्लिपा घट्ट लावल्या आणि डबा तिच्या ड्यूटीच्या पिशवीत ठेवला.