रडणं ओळखणारी उशी

मंजुताईच्या सासूबाई, पार्बताबाई, तेल्हाऱ्याहून सून आणि नात न्यायला अमरावतीला आल्या त्या अट घेऊनच. नात रात्री त्यांच्यापाशी निजेल आणि ताईकडे फक्त दूध प्यायला येईल.

"हिले ऐकू येत नाई," त्या माझ्या आईला म्हणाल्या. "रातच्यानं लेकराच्या गळ्यात दूध अटकलं तं कसं समजन हिले? मले भेव लागते, ईनबाई."

ताई समोरच बसली होती. तिला जन्मापासून ऐकू येत नाही, पण ओठ वाचता येतात. तिनं बाळाला छातीशी असं घट्ट धरलं, की आईनं मान खाली घातली. भाऊजींनी तर फोनवरच 'आई म्हणेल तसं' म्हणून हात झटकले होते. असल्या माणसाचा मला भयंकर राग येतो.

घरच्यांच्या मते मी दिवसभर तारा चिवडत बसते. त्याच तारांतून मी ताईसाठी एक उशी केली होती. बाळाच्या झोळीला छोटा माइक, उशीत जुन्या मोबाईलमधली थरथरणारी मोटर आणि मध्ये सेलवर चालणारं सर्किट. त्यातला शेवटचा ट्रान्झिस्टर म्हणजे नुसतं बटण. त्याला तीन पाय. मधल्या पायाला चिमूटभर करंट मिळाला, की बाजूच्या दोन पायांमधून मोटर फिरण्याइतका करंट वाहू लागतो. हे बटण बोटानं दाबायचं नाही. ते दाबलं जातं बाळाच्या रडण्यानं.

"मावशी, ताई उशीवर डोळे मिटून निजते," मी म्हणाले. "बाळ रडलं अन् ती उठली नाई, तं तुमी म्हणता तसं."

"पुटपुटू नको वं, आचल. नीट बोल."

त्यांचा हा तोरा मला आल्यापासून खटकत होता. मी तेच ठणकावून पुन्हा सांगितलं. ताईला न विचारता मी तिचं बाळ पणाला लावलं, हे तिचा उतरलेला चेहरा पाहिल्यावर माझ्या लक्षात आलं. तरी ती मुकाट्यानं उशीवर डोकं ठेवून पडली.

पार्बताबाई झोळीत डोकावत उभ्या राहिल्या. भुकेची वेळ झालीच होती. बाळ चुळबुळलं आणि रडायला लागलं. मी उशीकडे पाहत होते. उशी गप्प. बाळाचा आवाज चढला, तरी उशी गप्पच. ताईचा चेहरा मात्र अगदी शांत होता, कारण तिचा माझ्यावर विश्वास होता. ते मला पाहवेना.

"पाहा," पार्बताबाई म्हणाल्या. "लेकरू तोंड फाडून रडून राहिलं, अन् माय निजून हाय."

त्यांच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं. आईनं ताईला हलवून उठवलं. बाळाला पाजताना तिचे डोळे वाहत होते. पार्बताबाईंनी बॅग ओढून बाळाचे कपडे भरायला घेतले. बसची वेळ होत आली होती.

मी सर्किट उघडलं. सेल ठीक. माइक ठीक. सकाळी मोटरचा भार न सोसून जुना ट्रान्झिस्टर जळला होता, म्हणून मी डब्यातला दुसरा, दणकट जातीचा लावला होता. दिसायला दोघे सारखेच. मधला पायही तोच. आणि मग डोक्यात लख्ख उजेड पडला. या जातीत बाजूचे दोन पाय उलटे असतात! मी तो जुन्यासारखंच तोंड करून बसवला होता. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

सोल्डरची कांडी तापवून पाय सोडवले, ट्रान्झिस्टर फिरवला, पुन्हा डाग दिला. बोट चांगलंच पोळलं.

"मावशी, एकदाच. शेवटचं!" मी ओरडले.

"वरडतं काहून? कर. बसले टाइम हाय थोडा."

बाळ दूध पिऊन झोळीत झोपलं होतं. ताई पुन्हा आडवी झाली, पण या वेळी तिनं उशीचं टोक मुठीत आवळलं होतं. पार्बताबाई झोळीकडे पाठ करून दुपट्यांच्या घड्या घालत होत्या. एकेक घडी बॅगेत जात होती आणि बाळ काही रडत नव्हतं. रड ना गं बाई, मी मनात म्हणत होते.

शेवटी ते ओलं झालं असावं. बारीक, चिरका सूर निघाला. उशी थरथरली आणि ताई ताडकन उठून बसली.

पार्बताबाईंनी वळून तिच्याकडे पाहिलं. "काहून उठली? डोळे किलकिले करून पडली होती ना? लेकरू तं गुपचूप हाय."

आई माझ्याकडे बघतच राहिली. बाळ रडत होतं. चांगलं घसा ताणून रडत होतं.

मग त्यांचं ते 'पुटपुटू नको', 'नीट बोल', सगळं माझ्या डोक्यात एका रांगेत आलं. जिभेवर असं काही आलं होतं, की त्या जन्मभर विसरल्या नसत्या. पण ताईनं माझ्याकडे पाहून हात हलवला. नको. तिला नवल वाटलंच नव्हतं. सासू आपल्यासारखीच समोरच्याचे ओठ पाहते, हे तिनं केव्हाच ओळखलं होतं.

तिनं झोळीतून बाळ उचललं आणि पार्बताबाईंच्या समोर धरलं. लालबुंद चेहरा, वासलेलं तोंड, गालावर पाणी. त्यांचे हात दुपट्यावर थांबले.

"कधीपासून रडून राहिलं हे?"

 त्यांनी हातातल्या दुपट्यानं बाळाचे गाल पुसले. भेव लागते म्हणाल्या होत्या ना, ते आता खरंच चेहऱ्यावर दिसत होतं. मग त्या ताईकडे तोंड करून सावकाश म्हणाल्या, "लेकरू तुह्याचपाशी निजन."

ताईनं बाळाचा पापा घेतला आणि ती हमसून रडली. माझेही डोळे भरून आले.

मी उशी बॅगेत भरत होते, तेव्हा पार्बताबाई माझ्याजवळ आल्या. आईला कळू नये अशा बेतानं त्यांनी विचारलं, "या बटणावर एकच उशी चालते, का दोन?"

जुना ट्रान्झिस्टर एका मोटरनंच जळला होता. हा दणकट होता.

"दोन चालतात, मावशी," मी म्हणाले. त्या माझ्या ओठांकडे पाहत होत्या. मग मी समोर बसले आणि हळूहळू पुन्हा म्हणाले, "दोन चालतात."