सगळ्यांचेच रिपोर्ट स्वच्छ

तपासणी केंद्रापुढची रांग थेट रस्त्यावर आली होती. जवळजवळ प्रत्येकाच्या हातात गावातल्या एका बाबांच्या मंतरलेल्या पाण्याची बाटली. पाणी प्यायलेल्या प्रत्येकाच्या रिपोर्टवर एकच ओळ येई: क्षयाचे जंतू नाहीत.

बाबा कोपऱ्यावरच्या हॉलमध्ये सांगत, "गोळी वरवर काम करते, पाणी मुळापर्यंत जातं. माझ्यावर नका ठेवू विश्वास, यंत्रावर ठेवा. यंत्र लाच खात नाही." लोक माना डोलावत आणि गोळ्या गटारात टाकत.

त्यांच्यातल्या एका ताईनेही टाकल्या. संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणारा तिचा धाकटा भाऊ भेटायला आला, तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती. नुसता हाडांचा सापळा.

"ताई, रुमालावर रक्त आहे."

"उरलासुरला रोग बाहेर पडतोय, असं बाबा म्हणाले. रिपोर्ट बघ ना."

तो रिपोर्ट घेऊन केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंकडे गेला. त्यांनी ताईच्या थुंकीची काचपट्टी पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"जंतू खच्चून भरलेत. मी संगणकात नोंदही तशीच केली होती. पण छापील रिपोर्ट परस्पर खिडकीतून जातात."

नोंदीवरून रिपोर्ट छापणारी छोटी स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला दिलेल्या सूचनांची यादी, त्याने उघडली. नोंदीतला शब्द 'नाहीत' या शब्दाशी जुळतो का, एवढंच ती तपासत होती; जुळला की 'जंतू नाहीत' छापत होती. ती नीटनेटकी करण्याच्या नादात कुणीतरी त्या दोन शब्दांमधल्या बरोबरच्या (=) चिन्हाच्या दोन्ही बाजूंची मोकळी जागा काढून टाकली होती.

"एवढ्याशा जागेनं काय होतं?" बाईंनी विचारलं.

"जागा असली की संगणक दोन शब्दांची तुलना करतो. नसली की त्याला सगळं मिळून एकच शब्द दिसतो. मग तो एवढंच बघतो, की इथे काही लिहिलंय का. लिहिलेलं असतंच. म्हणून उत्तर कायम 'जुळलं'."

त्याने 'गाढव' आणि 'घोडा' तसेच चिकटवून दाखवले. संगणकाच्या मते दोन्ही एकच.

मग बाईंनी रांगेसमोर एका नव्या रुग्णाची नोंद त्याच्या संमतीने केली: जंतू आहेत. त्याने बाबांचं पाणी ओठालाही लावलं नव्हतं. तरी रिपोर्ट आला, नाहीत. भावाने मोकळ्या जागा पुन्हा घातल्या आणि तीच नोंद पुन्हा छापली. आता आलं, आहेत.

"यंत्र बाटवलंत तुम्ही," गलका ऐकून आलेले बाबा म्हणाले. काहीजण त्यांच्यामागे गेले. बाकीचे औषधाच्या खिडकीकडे वळले.

ताईनेही गोळ्या पुन्हा सुरू केल्या. पण फार उशीर झाला होता. ती वाचली नाही.

बाबांनी यंत्राला हातही लावला नव्हता. दुसऱ्याच्या चुकीवर त्यांनी फक्त आपलं नाव लावलं. पाणी न प्यायलेल्यांचे रिपोर्टही तेव्हा स्वच्छच येत होते, पण ते कुणी पाहिलेच नाहीत. गुण आला असं कुणी सांगितलं, तर उपचार न घेतलेल्यांचं काय झालं ते विचारा. आणि त्याचं उत्तर मिळेपर्यंत औषध सोडू नका.